समासातल्या रेघा

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात दोन खुर्च्या होत्या आणि तिसऱ्या माणसासाठी एक लाकडी पेटी होती. पेटीत जुने मांडव-परवाने असत, त्यामुळे ती उघडायची म्हणजे आधी बसलेल्या माणसाला उठवावे लागे. सोमवारी त्या पेटीवर प्रसूतिगृहातली सुईण बसत असे. आठवड्याभरात झालेली बाळंतपणे ती तोंडी सांगायची आणि मी ती वहीत लिहायचो. तिला अक्षरओळख नव्हती. तारीख, वेळ, घर, बाळाच्या आईचे कितवे बाळंतपण, हे सगळे तिच्या डोक्यात असे आणि त्यात चूक झाल्याचे मला आठवत नाही.

मी तिथे तात्पुरता कारकून होतो. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षे झाली होती. आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यातले, रेल्वेच्या कडेचे, मलकापूरहून लहान, पण कापसाची सरकी काढणारे दोन जिन आणि सरकीचा बाजार असलेले. नगरपालिकेला एक स्मरणिका काढायची होती. गाव कसे वाढले यावर त्यात एक प्रकरण हवे, असे अध्यक्षांचे म्हणणे होते. शतकाच्या सुरुवातीच्या वीस-पंचवीस वर्षांत कोणत्या पेठेत किती जन्मले, किती लग्ने लागली, दर हजारी प्रमाण काय पडते, हे त्यांना छापून हवे होते.

त्या काळातल्या जन्माच्या वह्या मोडीत होत्या. मोडी सफाईने वाचणारा गावात एकच माणूस उरला होता. ते हायस्कुलातून निवृत्त झालेले गुरुजी होते. त्यांनी मोठ्याने वाचायचे, मी बाळबोधीत उतरवायचे, असे ठरले. सकाळी कचेरी उघडली की ते धोतराचा सोगा सावरत येत, चष्म्याच्या काचा पुसत आणि मागच्या दिवशी जिथे थांबलो त्या ओळीवर बोट ठेवत. दुपारपर्यंत आवाज बसे. मग लवंग चघळत ते नुसते पाने उलटत.

लग्नांची वही नगरपालिकेत कधीच नव्हती. लग्न लागले म्हणून कोणी सरकारला कळवत नसे. गुरुजींनी त्यावर उपाय काढला. रस्त्यावर मांडव घालायचा तर डांब पुरण्यासाठी खड्डे खणावे लागतात आणि त्यासाठी नगरपालिकेचा परवाना लागतो. परवान्यावर मुलीच्या बापाचे नाव, पेठ, किती डांब, किती दिवस आणि खड्डे बुजवून देण्याची हमी, एवढे लिहिलेले असे. एक परवाना म्हणजे एक लग्न, असे धरून आम्ही मोजणी सुरू केली.

पेटी उघडण्यासाठी तिला उठवले त्या सोमवारी सुईणीने विचारले, हे काय चालले आहे. मी सांगितले. तिला हसू आले.

"ज्याचं आंगण मोठं, तो कायले परवाना काढते? अन् पाट कुठी लेहता तुमी? पाटाले काई मांडव घालत नसते गुरुजी."

विधवा किंवा सोडलेली बाई दुसरा नवरा करते तो पाट. अंधार पडल्यावर, मागच्या दारी, चार माणसांत तो लागायचा. रस्त्यात डांब नाही, वाजंत्री नाही, म्हणून कागद नाही. गुरुजींनी ते ऐकून घेतले. कागदावर जे नाही ते मोजता येत नाही, असे ते म्हणाले. ते शांत आणि नेमके बोलणारे गृहस्थ होते. तिने मान डोलावली, आणि जाताना मला विचारले, "अन् तुह्या मांडवाचा परवाना कधी काढून राह्यला बाबू? का तुलेही पाटच लावा लागते?" गुरुजी वहीत तोंड घालून हसले.

त्या वेळी तिचे वय किती होते, हा पुढे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न झाला. दिसायला ती पन्नाशीच्या पुढची दिसे. केस पांढरे, पाठीला किंचित बाक, हातांची त्वचा गरम पाण्याने आणि फिनेलने सुरकुतलेली. तिचा नवरा धाड गावचा होता. मूल होत नाही म्हणून त्याने तिला सोडले होते. ती आमच्या गावात, आजोळी आजीकडे परत आली, पेठेतल्या एका म्हाताऱ्या सुईणीच्या हाताखाली शिकली आणि पुढे नगरपालिकेने प्रसूतिगृह काढले तेव्हा तिथे लागली. प्रसूतिगृहाच्या मागे एक खोली होती. तीच तिची राहण्याची जागा. आजी जाऊन बरीच वर्षे झाली होती. नात्यातला एकच माणूस उरला होता. तो डोणगावचा तिचा सावत्र भाऊ.

जन्माच्या वह्या उतरवताना तिसऱ्या-चौथ्या दिवशीच एक अडचण आली. बायका पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात. आमच्या गावच्या वहीत म्हणून डोणगाव, चिखली, खामगाव इथल्या लोकांची बाळे होती. ती आमच्या पेठेत जन्मली आणि दोन-तीन महिन्यांत बापाच्या गावी गेली. उलट आमच्या पेठेतल्या सुनांची पहिली बाळे त्यांच्या त्यांच्या माहेरच्या गावी जन्मली होती आणि तिथल्या कोतवालाने नोंदली होती. गुरुजी म्हणाले, ही परगावची बाळे आपल्या पेठेच्या प्रमाणात धरली तर हिशेब चुकतो. त्यांची यादी वेगळी करावी.

वेगळी यादी म्हणजे वेगळी वही आणि दुप्पट लिखाण. स्मरणिकेची मुदत ठरलेली होती. मी सुचवले की बापाचे राहण्याचे गाव परके असेल ती नोंद उतरवूच नये. संख्या हवी म्हणून समासात फक्त एक उभी रेघ ओढावी. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी.  गुरुजी म्हणाले, ठीक आहे, संख्येपुरतेच काम आहे. त्यानंतर ते ओळ वाचायला लागत, बापाच्या गावाशी आले की "परगाव" म्हणत आणि पुढच्या ओळीवर जात. मी रेघ ओढत असे. काम निम्म्यावर आले.

असे आम्ही मानमोडीच्या सालापर्यंत पोचलो. पहिले महायुद्ध संपत आले तेव्हा तापाची जी साथ आली तिला आमच्याकडे मानमोडी म्हणत. मृत्यूच्या वह्या आम्हाला उतरवायच्या नव्हत्या, पण त्या शेजारीच ठेवलेल्या होत्या आणि त्या सालची वही बाकीच्यांच्या तिप्पट जाड होती. जन्माच्या वहीत उलट पाने मोकळी. दसरा-दिवाळीच्या सुमाराचा लिहिणारा कारकून मध्येच बदललेला. अक्षर एका ओळीपासून दुसऱ्या ओळीत एकदम वेगळे झाले होते. पहिल्याचे काय झाले ते वहीत नव्हते, पण ते शोधायला फार लांब जावे लागले नसते.

तो सोमवार होता. सुईण आपली बाळंतपणे सांगून झाली तरी पेटीवरून उठली नाही. तिने गुरुजींना विचारले की हे मानमोडीचेच साल ना. गुरुजी हो म्हणाले.

"मंग मी यातच असन. मायच्या माहेरी झालो मी. जिनामागच्या पेठीत. आबा जिनात मापारी होता."

आबा म्हणजे तिच्या आईचा बाप. गुरुजींनी पाने मागे-पुढे केली. बोट खाली खाली नेत ते एका ठिकाणी थांबले आणि त्यांनी ती ओळ पूर्ण वाचली. बाकीच्या परगावच्या ओळींसारखी अर्धी सोडली नाही. तारीख वाचली. मुलगी. जिवंत. बाप, राहणार मौजे डोणगाव, धंदा शेती. घर, मातामह मापारी याचे. नाव लिहिलेले नव्हते. त्या वह्यांत मुलाचे नाव क्वचितच असे, कारण बारशाच्या आधीच नोंद होई.

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. तिने विचारले, आईचे आहे का. गुरुजींनी मृत्यूची वही ओढली. ते फार शोधावे लागले नाही. जन्माच्या तारखेनंतर सहाव्या दिवशी तेच घर होते. स्त्री, वय अठरा, कारण ज्वर. त्याच घरातून त्याच आठवड्यात आणखी दोन ओळी होत्या. त्या गुरुजींनी वाचल्या नाहीत. वहीत मीही डोकावलो होतो म्हणून मला माहीत आहे.

"अठरा," ती म्हणाली. मग प्रसूतिगृहात एक बाई अडली आहे, असे सांगून उठून गेली.

गुरुजी खाली वाकून पुढची ओळ वाचू लागले. मी त्यांना थांबवून विचारले, ही कशी घेऊ. त्यांनी वर न बघता म्हटले, "परगाव." मी रेघ ओढली. ती त्या पानावर समासात किती क्रमांकाची होती ते मी पाहिले नाही.

त्याच्या पुढच्या सालच्या कागदांत आणखी एक गोष्ट निघाली. मांडव-परवाने फार थोडे होते आणि दोन वर्षांत जन्म मात्र एकदम वाढले होते. लग्ने नाहीत आणि बाळे आहेत, याचा गुरुजींना उलगडा होईना. पुढच्या सोमवारी सुईणीने तो केला. घरोघरी अर्धी जोडपी मोडली होती. ज्याची बायको गेली त्याने जिचा नवरा गेला तिला घरात आणले. सगळे पाटच. तिच्या बापानेही तसेच केले होते. डोणगावच्या एका विधवेशी त्याने पाट लावला आणि त्या बाईच्या पोटचा तो सावत्र भाऊ. गुरुजींनी हे प्रकरणात घातले नाही. "मानमोडीनंतर विवाहसंख्या घटली, जन्मसंख्या मात्र वाढली, कारण अज्ञात" असे वाक्य त्यांनी लिहिले आणि तसेच ते छापले गेले.

उतारा संपला त्या महिन्यात आरोग्य समितीने आमची मागची खोली मागितली. तिथे कुटुंब नियोजन केंद्र सुरू व्हायचे होते. खोलीत जुन्या वह्यांची कपाटे होती आणि खालच्या दोन कप्प्यांना वाळवी लागली होती. मोडी वह्यांचा बाळबोध उतारा झालेला असल्याने मूळ वह्या ठेवण्याचे कारण नाही, असा ठराव समितीने केला. तो नियमाला धरून नव्हता, हे मला पुढे कळले. त्या वेळी त्यावर कोणी बोट ठेवले नाही. ठरावाला एक दाखला जोडायचा होता. उतारा मूळ वह्यांशी ताडून पाहिला असून तो पूर्ण व बरहुकूम आहे, असा. गुरुजी कचेरीचे नोकर नव्हते, त्यामुळे सही माझी लागली. मी सही केली. समासातल्या रेघांचा विचार त्या वेळी मनात आला का, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. आला होता. पण परगावच्या बाळांच्या नोंदी कोणाला कशाला लागतील, असे वाटले होते.

वह्या दोन हातगाड्यांवरून जिनात गेल्या आणि तिथल्या बॉयलरच्या भट्टीत जळाल्या. मृत्यूच्याही त्याच गाड्यांवर गेल्या. त्यांचा तर उताराही झालेला नव्हता. स्मरणिका निघाली. त्यात आमचे प्रकरण सात पानांचे होते, शेवटी पेठवार तक्ता. समासातल्या रेघांची बेरीज तळटीपेत येणार होती. जागा नाही म्हणून छापखान्याने तळटीप काढली. त्यानंतरच्या पावसाळ्यात गुरुजी वारले.

सुईणीला सेवानिवृत्तीची नोटीस आली ती त्याच वर्षी. सेवापुस्तकात तिचे वय आठ वर्षांनी जास्त लिहिलेले होते. ते कसे झाले हे तिने लपवले नाही. प्रसूतिगृहात लागताना ती तिशीच्या आतली होती. नवऱ्याने सोडलेली, मूल नसलेली. अशा बाईला बाळंतिणीजवळ कोण येऊ देणार, म्हणून तिने वय वाढवून सांगितले आणि त्या वेळच्या डॉक्टरांनी ते लिहून घेतले.

"तवा म्हतारी झाल्याबिगर कोणी हात लावू देत नव्हतं," ती मला म्हणाली. "आता तरणी व्हा लागते. कर मले तरणी, बाबू. वहीत हाय ते. गुरुजीनं वाचलं तवा तू तठीच होता."

तिच्यासाठी प्रश्न आठ वर्षांच्या नोकरीचा होता, आणि त्याहून खोलीचा. निवृत्त झाली की खोली महिन्याभरात रिकामी करायची होती. त्या खोलीखेरीज तिला गावात घर नव्हते. डोणगावला सावत्र भावाकडे जाणे एवढाच मार्ग होता आणि त्याच्याकडे ती आयुष्यात तीनदा गेली होती, तिन्ही वेळा मयताला.

मी तिला तेव्हाच सांगायला हवे होते. मी सांगितले की बघतो.

ती माझ्यावर विसंबून राहिली नाही. एसटीने मेहकरवरून डोणगावला जाऊन आली. तिथल्या कोतवालाच्या जुन्या वहीत त्या सालची पाने शाबूत होती आणि पाटलाच्या मुलाने ती तिच्यासमोर चाळून पाहिली. तिची नोंद निघणे शक्यच नव्हते, कारण ती तिथे जन्मलेली नव्हती. भाऊ बरोबर होता. परत आल्यावर त्याचे बोलणे तिने मला जसेच्या तसे ऐकवले. तो म्हणाला होता, "इथी नाई, तठी नाई. तू झालीच नाईस, बाई. मंग नोकरी कोण करून राह्यलं इतके दिवस?" हे सांगताना ती स्वतः हसली. मी हसलो नाही.

मग मी उताऱ्याची वही काढून तिच्यापुढे ठेवली आणि समास दाखवला. परगावची बाळे नावानिशी घेतलेली नाहीत, फक्त रेघा आहेत, हे सांगितले. मूळ वही जळाली, हेही सांगितले. जिनात हातगाड्या गेल्या त्या दिवशी ती प्रसूतिगृहाच्या दारात उभी होती. गाड्यांवर काय आहे, हे तिने विचारले होते आणि गाडीवाल्याने रद्दी म्हणून सांगितले होते.

तिने वही स्वतःकडे ओढली. अक्षरे तिला वाचता येत नव्हती, पण रेघा वाचायला अक्षरे लागत नाहीत. तिने त्या बोटाने मोजल्या.

"यातली माही कोणती?" तिने विचारले.



तिच्या अर्जावर मुख्याधिकाऱ्यांनी चौकशी लावली. ते बाहेरून बदलून आलेले, सरळ वागणारे अधिकारी होते. त्यांनी आधी तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे वय ठरवायला पाठवले. डॉक्टरांनी दात आणि सांधे बघून सेवापुस्तकातले वय बरोबर वाटते असे लिहून दिले. रात्रंदिवस उकिडवे बसून काम केलेल्या बाईचे गुडघे आठ वर्षे पुढे गेलेले असणार, हे त्यांच्या दाखल्याच्या नमुन्यात लिहायला रकाना नव्हता. मग मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावले. ती त्यांच्या टेबलासमोर उभी होती. बस म्हटले तरी बसली नव्हती.

मूळ वहीत हिची नोंद होती का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, होती. वाचली कोणी? गुरुजींनी. ते हयात नाहीत. तारीख कोणती होती? मला आठवत नव्हती. दसरा झाला होता आणि दिवाळी यायची होती, एवढे आठवत होते. हे खरे होते. त्या वहीतल्या शेकडो तारखा मी ऐकल्या होत्या आणि ज्या उतरवल्या नाहीत त्या डोक्यात राहिल्या नव्हत्या.

त्यांनी फाईल उलटली आणि माझा दाखला माझ्याकडे फिरवला.

"उतारा पूर्ण व बरहुकूम. ही सही तुमचीच ना?"

मी हो म्हटले.

"मग नोंद होती तर उताऱ्यात का नाही? हा दाखला खोटा, की तुम्ही आता सांगता ते?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी मला सोमवारपर्यंत लेखी निवेदन द्यायला सांगितले. नोंद होती, ती मी जाणून वगळली आणि तरीही पूर्ण उताऱ्याचा दाखला दिला, असे तुम्ही लिहून देणार असाल, तर तेवढ्या आधारावर बाईंचे प्रकरण जिल्ह्याला पाठवता येईल, असे ते म्हणाले. मंजूर होईल याची खात्री नाही, पण पाठवता येईल. तुमच्याबद्दल मात्र मला वेगळा विचार करावा लागेल. एवढे बोलून त्यांनी पुढची फाईल घेतली.

मला कायम करण्याचा प्रस्ताव त्याच टेबलावर होता. बाहेर आल्यावर व्हरांड्यात ती थांबली होती. तिने माझ्याकडे काही मागितले नाही. म्हणाली, "तारीख नाई आठवत तं नाई आठवत. जे झालं ते लेहून दे, बाबू." आणि प्रसूतिगृहाकडे गेली.

निवेदन मी चार वेळा लिहिले. पहिल्या तीन मसुद्यांत "वगळली" हा शब्द होता. चौथ्यात नव्हता. जे दिले त्यात असे वाक्य होते: "सदर कालखंडातील परगावच्या नोंदी संख्येने दर्शविल्या असून, त्यांपैकी कोणत्याही एका नोंदीच्या तपशिलाविषयी निश्चितपणे सांगता येत नाही." पुढे मी वर्तमानपत्रात गेलो आणि अशी वाक्ये ओळखणे हेच माझे काम झाले. ज्यात एकही शब्द खोटा नसतो आणि जे लिहिणाऱ्याने कशासाठी लिहिले ते पहिल्या वाचनात कळते, अशी वाक्ये. मुख्याधिकाऱ्यांनाही ते कळले असावे. त्यांनी निवेदन दोनदा वाचले, फाईलला लावले आणि अर्ज नामंजूर केला. निकाल तिला वाचून दाखवला तेव्हा माझे वाक्यही त्यांनी वाचले. मी त्या खोलीत नव्हतो. शिपायाने नंतर सांगितले की तिने फक्त एवढेच विचारले की हे बाबूने लिहिले का, आणि हो म्हटल्यावर अंगठा उमटवला.

त्यानंतर तिचे तीन सोमवार उरले होते. पहिल्या दोन्ही सोमवारी ती आली, पेटीवर बसली, बाळंतपणे सांगितली आणि गेली. माझ्या मांडवाविषयी काही बोलली नाही. मी जेवढे विचारले तेवढीच उत्तरे दिली.

शेवटच्या सोमवारी तिच्याकडे पाच बाळंतपणे होती. चार गावातली. पाचवे जिनामागच्या पेठेतले, पहिलटकरीण, माहेरी आलेली. मुलगी, जिवंत, पहाटेची वेळ. बापाचे गाव तिने सांगितले. ते आमच्या तालुक्याच्या बाहेरचे होते. मी लिहू लागलो.

"परगावची हाय," ती म्हणाली.

मी म्हटले, लिहितो आहे.

"पुरी लेह."

मी पूर्ण ओळ लिहिली. तारीख, वार, वेळ, मुलगी, बाप, राहणार, धंदा, आईचे माहेरचे घर, आजोबांचे नाव, पेठ. नावाचा रकाना बारसे व्हायचे म्हणून मोकळा ठेवायचा असतो. तिने विचारले, नाव लिहिले का. मी सांगितले की अजून ठेवलेले नाही. तिने ते मान्य केले. मग तिने मला ती ओळ वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. तिने पुन्हा वाचायला सांगितली. मी पुन्हा वाचली. दुसऱ्या वेळी ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती, तिने सांगितले होते त्याच्याशी ताडून बघत असल्यासारखी.

शाई ओली होती. मी टीपकागद घ्यायला हात पुढे केला तर तिने नको म्हटले. वही तशीच उघडी ठेवायला लावली आणि शाई वाळेपर्यंत टेबलाशी उभी राहिली. मग ओळीवरून एकदा बोट फिरवले, बोटाला काही लागले का ते बघितले आणि ते पदराला पुसले. डोणगावकडे जाणारी एसटी दुपारची होती. तिचे बोचके बाहेर व्हरांड्यात ठेवलेले होते.